बाहेरच्या कंपनीची लेन्स : फोकसचा दोष ओळखावा कसा, काढावा कसा?

कापडाचा व्यवहार पूर्वी बोटांनी होत असे. गिऱ्हाईक तागा उलगडी, कापड चिमटीत धरून चोळून पाही, उजेडाकडे नेऊन विणीची दाटी पारखी आणि मगच भावाची गोष्ट निघे. आता बराचसा व्यवहार फोटोवर चालतो. नागपूरचा किंवा हैदराबादचा दुकानदार मोबाईलच्या पडद्यावर साडीचा काठ मोठा करून पाहतो, आणि धागा न् धागा स्पष्ट दिसला तर ऑर्डर लिहवतो. फोटो धूसर निघाला तर एक तर ऑर्डरच येत नाही, नाही तर आलेली ऑर्डर ‘फोटोत दाखविला तो माल हा नव्हे’ या शेऱ्यासह परत येते. जाण्या-येण्याचे भाडे अर्थातच आपल्या माथी! म्हणून कॅमेऱ्याची लेन्स ही आज आमच्या धंद्यात गजाइतकीच मोजमापाची वस्तू झाली आहे, आणि गज खोटा असून चालत नाही.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या भागांतील अनेक व्यापारी बंधूंनी अलीकडे स्वतःचे कॅमेरे घेतले आहेत. बॉडी कॅनन किंवा निकॉनची, बहुधा जुन्या बाजारातून घेतलेली, आणि लेन्स मात्र सिग्मा, टॅमरॉन, टोकिना किंवा अलीकडच्या योंगनुओ, विल्ट्रॉक्स अशा चिनी कंपन्यांची, असा हा जोड असतो. कारण उघड आहे. त्याच मापाची लेन्स बॉडीच्याच कंपनीची घ्यायची म्हटली तर पुष्कळदा दीडपट-दुप्पट पैसे मोजावे लागतात. या बाहेरच्या कंपन्यांची काच कमअस्सल असते असे समजण्याचे कारण नाही. टॅमरॉन आणि टोकिना १९५० पासूनच्या, सिग्मा १९६१ पासूनची. तिन्ही जपानी आणि या कामात मुरलेल्या. तक्रार येते ती मुख्यत्वे फोकसची. ती का येते, हे समजल्याशिवाय तिच्यावर इलाज करता येत नाही.

लेन्स आणि बॉडी यांच्यात विजेच्या टोकांमधून सतत बोलणे चालू असते. बॉडी सांगते, ‘इतके पुढे सरक’; लेन्स सांगते, ‘सरकले, आता मी इथे आहे’. ही भाषा प्रत्येक कंपनीची स्वतःची. कॅननने १९८७ साली ईओएस कॅमेऱ्यांबरोबर आपली नवी भाषा आणली, पण ती बाहेरच्यांना शिकविली नाही. निकॉननेही आपल्या आरशाच्या कॅमेऱ्यांच्या बाबतीत तेच केले. बाहेरच्या कंपन्यांनी मग कान लावून, निरखून, अंदाजाने ती भाषा आत्मसात केली. परप्रांतात व्यापार करणारा माणूस जशी तिथली बोली शिकतो, तशीच ही गोष्ट आहे. रोजचे काम भागते. पण यजमानाने एखादा नवा शब्द काढला की पाहुणा गोंधळतो.

याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला सिग्माच्या जुन्या लेन्सचा. फिल्मच्या काळात कॅननवर उत्तम चालणाऱ्या यांपैकी अनेक लेन्स डिजिटल बॉडीवर लावल्या, की पूर्ण उघड्या अॅपर्चरवर फोटो निघतो. अॅपर्चर जरा बंद केले की कॅमेरा चूक दाखवून जागीच थांबतो. कंपनीने काही वर्षे चिप बदलून दिली, पण फार जुन्या लेन्ससाठी पुढे ती सोय राहिली नाही. तेव्हा जुन्या बाजारात ‘कॅननची सिग्मा’ फारच स्वस्तात मिळत असेल, तर आपली बॉडी बरोबर न्यावी आणि अॅपर्चर एफ ८ वर ठेवून चार फोटो काढल्याखेरीज पाकिटाला हात लावू नये.

निकॉनवाल्यांचा प्रश्न निराळा आहे. जुन्या पद्धतीच्या लेन्समध्ये फोकसची मोटर नसे. बॉडीतली मोटर एका छोट्या स्क्रूने लेन्स फिरवी. २००६ च्या डी ४० पासून निकॉनने आपल्या स्वस्त बॉडींतून ही मोटर काढून टाकली. डी ३००० आणि डी ५००० या दोन्ही घराण्यांतील पुढच्या बॉडींतही ती नाही. त्यामुळे टोकिनाची २००८ सालची ११-१६ मि.मी. लेन्स या बॉडींवर बसते, फोटोही काढते, पण फोकस आपोआप होत नाही. तिच्या २०१२ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत मोटर आली. निकॉनच्या नव्या झेड कॅमेऱ्यांसाठीचा एफटीझेड अडॅप्टर २०१८ साली आला, त्यातही मोटर नाही. याला दोष म्हणता येत नाही. पण दुकानदार गप्प राहतो आणि घेणाऱ्याला घरी गेल्यावर कळते.

पुढचा फोकस, मागचा फोकस

आता मूळ दुखण्याकडे वळू. आरशाच्या कॅमेऱ्यात फोकस मोजणारा सेन्सर आणि फोटो टिपणारा सेन्सर हे दोन वेगळे असतात. मोठ्या आरशाच्या मागे एक लहान आरसा असतो, तो काही उजेड खाली, तळाशी बसविलेल्या फोकसच्या सेन्सरकडे पाठवितो. लेन्सपासून या सेन्सरपर्यंतचे अंतर आणि लेन्सपासून फोटोच्या सेन्सरपर्यंतचे अंतर तंतोतंत सारखे असावे लागते. केसभर फरक पडला, किंवा लेन्सने सांगितलेल्या हिशोबात किंचित चूक असली, की कॅमेरा ‘फोकस झाला’ असे सांगतो आणि प्रत्यक्षात तो वस्तूच्या पुढे किंवा मागे पडतो. स्टुडिओवाले याला फ्रंट फोकस आणि बॅक फोकस म्हणतात. कंपनीची स्वतःची लेन्सही यातून सुटलेली नाही. मात्र बाहेरच्या लेन्समध्ये दोन घरांची सूट एकमेकींत मिळते म्हणून ते अधिक आढळते. बॉडी तिच्या मर्यादेत बरोबर, लेन्स तिच्या मर्यादेत बरोबर, आणि दोघींची मिळून चूक!

आमच्या ओळखीच्या एका तरुणाची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. लग्नाचे फोटो काढणे हीच त्याची रोजी. त्याने हप्त्यांवर ८५ मि.मी., एफ १.८ ची बाहेरच्या कंपनीची लेन्स घेतली. तीन लग्नांत असे झाले की नवरदेवाचे कान आणि सेहऱ्याच्या मागच्या लड्या स्वच्छ, डोळे मात्र धूसर. एका पार्टीने निम्मे पैसे अडकवून ठेवले. लेन्स विकणारा म्हणाला, ‘माल बरोबर आहे, तुझा हात हलतो.’ पोरगा लेन्स निम्म्या किमतीत विकायला निघाला होता आणि हप्ते मात्र पुढचे दहा महिने चालूच राहणार होते.

हात हलला तर सगळेच चित्र हलते. कान स्पष्ट आणि डोळे धूसर असे होत नाही. एवढ्यावरूनच आम्हाला दुकानदाराचे म्हणणे पटले नाही. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर या लेन्सने पूर्ण उघड्या अॅपर्चरवर दोन मीटरवरून फोटो काढला, तर पुढून-मागून मिळून जेमतेम सहा सेंटीमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. डोळ्यापासून कान त्याहून लांब. म्हणजे फोकस मागे पडत होता, आणि दर वेळी मागेच पडत होता. गोदामाच्या मागल्या खोलीत कॅमेरा तिपायावर बसविला. डोळा लावून, म्हणजे आरशाच्या वाटेने, दहा फोटो काढले : दहाही मागे. मग लाइव्ह व्ह्यू चालू करून मागच्या पडद्यावरून दहा काढले : दहाही नेमके. म्हणजे काच निर्दोष आणि पोराचा हातही निर्दोष. त्याच्या बॉडीत सुधारणेची सोय होती. उणे ९ वर काटा आणला आणि डोळे जागेवर आले. अडकलेले पैसे मिळाले की नाही हे त्यानेच आम्हाला पुढे सांगितले नाही, पण लेन्स अजून त्याच्याकडे आहे आणि हप्ते फिटले आहेत.

आरशाची वाट आणि पडद्याची वाट यांची ही तुलना या विद्येचे मूळ आहे. लाइव्ह व्ह्यूमध्ये आरसा वर उचललेला असतो आणि, कॅननच्या काही जुन्या बॉडींतील ‘क्विक’ पद्धत सोडली तर, फोकस खुद्द फोटोच्या सेन्सरवरच पारखला जातो. दोन अंतरांच्या फरकाचा प्रश्नच उरत नाही. पडद्यावरून फोटो स्वच्छ आणि डोळा लावून धूसर, तर दोष जुळणीचा. दोन्ही वाटांनी धूसर, तर जुळणी करीत बसू नये. दोष काचेत, मोटरमध्ये किंवा आपल्या मांडणीत आहे.

परीक्षा कशी घ्यावी

महागडे साधन लागत नाही. दुकानातली मीटरपट्टी आणि मालाच्या खोक्यावरचे छापील लेबल पुरे. लेबल एका सपाट पुठ्ठ्यावर चिकटवून कॅमेऱ्यासमोर अगदी सरळ उभे करावे. त्याच्या शेजारी मीटरपट्टी तिरपी, साधारण ४५ अंशांत ठेवावी; ती अशी, की ५० चा आकडा नेमका लेबलाच्या रेषेत येईल. फोकस लेबलावर घ्यायचा, पट्टीवर नव्हे. पुष्कळ जण तिरप्या पट्टीवरच फोकस घेतात आणि मग आकडे दर वेळी निराळे येतात, कारण फोकसचा बिंदू पडद्यावर दिसतो त्याहून प्रत्यक्षात मोठा असतो आणि पट्टीचा कोणता भाग तो पकडील याचा नेम नसतो.

अंतर लेन्सच्या मापाच्या २५ ते ५० पट असावे, हा सर्वसाधारण दंडक. ५० मि.मी. च्या लेन्सला सव्वा ते अडीच मीटर. अॅपर्चर पूर्ण उघडे, कॅमेरा तिपायावर, हात थरथरण्यापासून वाचविणारी यंत्रणा बंद, मधला एकच फोकस बिंदू, आणि बटण दाबायला टायमर. प्रत्येक फोटोआधी लेन्सची कडी हाताने एका टोकाला फिरवून द्यावी, म्हणजे तिला नव्याने फोकस शोधावा लागेल. असे दहा फोटो काढावेत. एका फोटोवरून निवाडा करणे म्हणजे एका हाताच्या कापडावरून साऱ्या गठ्ठ्याचा भाव करणे होय.

मग संगणकावर फोटो मोठा करून पट्टी वाचावी. दहाच्या दहा फोटोंत ५० च्या मागचे आकडे स्पष्ट असतील तर बॅक फोकस, पुढचे असतील तर फ्रंट फोकस. हा ठराविक दोष, आणि तो दुरुस्त होतो. पण काही पुढे, काही मागे, काही बरोबर असे विखुरलेले निकाल आले, तर कुठल्याही आकड्याने ते सुधारणार नाहीत. अशा वेळी आधी लेन्सची पितळी टोके स्वच्छ, कोरड्या, मऊ कापडाने पुसावीत. खोडरबराने घासण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, तो आम्हाला पसंत नाही; त्याचा भुगा बॉडीत पडतो. एवढ्याने विखुरणे थांबले नाही तर लेन्स दुरुस्तीला द्यावी.

आमच्या व्यवसायातील लोकांना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. फोकसचा सेन्सर आरशाच्या खोलीच्या तळाशी असतो, आणि लेन्स बदलताना वरून पडणारी धूळ तिथेच बसते. कापडाच्या गोदामात हवेत सुताची लव सतत तरंगत असते. लेन्स बदलायची तर गोदामाच्या बाहेर, बॉडीचे तोंड खाली करून बदलावी. एखाद-दुसराच फोकस बिंदू सारखा चुकत असेल, तर लेन्सला दोष देण्याआधी बॉडी साफ करून घ्यावी. आणि ते काम कारागिराचे आहे, आपले नव्हे.

उजेडाचाही परिणाम होतो. जुन्या पिवळ्या बल्बच्या प्रकाशात, ज्यात तांबड्या रंगाचा भाग जास्त, फोकसचा सेन्सर दिवसाच्या उजेडापेक्षा थोडा वेगळा कौल देतो. म्हणून ज्या दिव्यात आपण माल टिपतो त्याच दिव्यात परीक्षा घ्यावी.

इलाज

बॉडीतील सुधारणेची सोय निकॉनने डी ३ आणि डी ३०० मध्ये, तर कॅननने १डी मार्क ३ मध्ये २००७ साली आणली. मेनूत उणे २० पासून अधिक २० पर्यंतचे आकडे असतात. फोकस पुढे पडत असेल तर अधिक, मागे पडत असेल तर उणे. एकदम मोठा आकडा न घेता पाच-पाचच्या पायरीने जावे आणि प्रत्येक पायरीला पुन्हा काही फोटो काढून पाहावेत. सर्व बॉडींत मात्र ही सोय नाही. कॅननच्या ५०डी मध्ये ती होती, २०१० च्या ६०डी मधून काढली, २०१३ च्या ७०डी मध्ये परत आली. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० घराण्यांत ती मुळीच नाही. जुनी बॉडी घेणाऱ्याने मेगापिक्सेलच्या आधी हा मेनू उघडून पाहावा, असे आमचे मत आहे.

यात एक खोच आहे. बॉडी लेन्सला तिच्या ओळख-क्रमांकावरून ओळखते, आणि बाहेरच्या लेन्सने काही वेळा बॉडीच्याच कंपनीच्या एखाद्या लेन्सचा क्रमांक उचललेला असतो. मग एकीसाठी ठेवलेला आकडा दुसरीलाही लागू होतो. अशा दोन लेन्स असतील तर आकडे कागदावर लिहून लेन्सच्या झाकणात ठेवावेत.

झूम लेन्समध्ये प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण चूक एका टोकाला पुढे आणि दुसऱ्या टोकाला मागे असू शकते. बऱ्याच बॉडी सबंध झूमला एकच आकडा देतात; कॅननने २०१२ च्या ५डी मार्क ३ मध्ये दोन टोकांना दोन आकड्यांची सोय केली. येथे बाहेरच्या कंपन्यांनी उलट आघाडी मारली. सिग्माने २०१३ मध्ये यूएसबी डॉक आणला. ही चकतीसारखी छोटी वस्तू लेन्सच्या मागे लावून संगणकाला जोडली, की झूम लेन्सचे चार माप आणि प्रत्येक मापाला चार अंतरे, असे १६ आकडे खुद्द लेन्समध्ये साठविता येतात. टॅमरॉनने २०१६ मध्ये टॅप-इन कन्सोल याच कामासाठी काढला. दोन अटी आहेत. डॉक ज्या माउंटची लेन्स त्याच माउंटचा लागतो. आणि जुन्या लेन्सना तो चालत नाही, सिग्माच्या आर्ट, कन्टेम्पररी, स्पोर्ट्स या २०१२ नंतरच्या मालिकांनाच चालतो. याच वाटेने लेन्सचा अंतर्गत कार्यक्रम, म्हणजे फर्मवेअर, नवा करता येतो. बॉडी नवी घेतल्यावर लेन्स गोंधळली असेल, तर सर्वांत आधी हेच करावे. विल्ट्रॉक्सच्या पुष्कळ लेन्सना तर मागेच यूएसबीचे छिद्र दिलेले असते.

इतके सगळे वाचून एखादा व्यापारी बंधू विचारील की, आम्हाला साडीचे फोटो काढायचे आहेत, लग्नाचे नव्हे. एवढा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. कापड हलत नाही. कॅमेरा तिपायावर ठेवा, लाइव्ह व्ह्यू लावा, अॅपर्चर एफ ८ वर न्या, पडद्यावर काठ दहापट मोठा करून फोकस हाताने जुळवा. निम्म्याहून अधिक दुकानांचे काम एवढ्यात होते आणि आकड्यांच्या वाटेला जावे लागत नाही. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात ५० मि.मी. लेन्सने दोन मीटरवरून एफ १.८ ला सुमारे ११ सेंटीमीटर स्पष्ट येतात, तिथे एफ ८ ला अर्धा मीटर येतात. लहानसहान चूक त्यात बुडून जाते.

शिवाय कापड हेच फोकसच्या यंत्रणेला अवघड गिऱ्हाईक आहे. तिला पकडायला फरक लागतो, गडद-फिकट कडा लागतात. काळे साटीन किंवा एकरंगी मलमल यांत तिला काहीच सापडत नाही आणि लेन्स पुढे-मागे घरघरत राहते. उलट बारीक चौकड्यांच्या किंवा पट्ट्यांच्या कापडात सगळीकडे एकच नक्षी, त्यामुळे कोणती रेघ कोणाशी जुळवावी हे तिला कळत नाही. नियमित नक्षीवर फोकस चुकू शकतो, असे निकॉनच्या माहितीपुस्तिकांतच लिहिलेले असते. कडेचे काही बिंदू तर एकाच दिशेच्या रेघा ओळखतात : उभे धागे दिसतात, आडवे दिसत नाहीत. मधला बिंदू बहुधा दोन्ही दिशांचा असतो. म्हणून अशा कापडावर मालाची चिठ्ठी ठेवून तिच्यावर मधल्या बिंदूने फोकस घ्यावा, फोकस तिथेच रोखून धरावा, चिठ्ठी काढावी आणि फोटो टिपावा. अशी चूक झाली म्हणून लेन्स परत करायला जाणे हा लेन्सवर अन्याय आहे.

परत करण्याजोगा दोष वेगळा असतो. कापड भिंतीवर ताणून लावले आणि डावीकडची वीण स्वच्छ, उजवीकडची पुसट आली, तर आतली एखादी काच तिरकी बसली असण्याचा संभव आहे. मांडणी चुकली की काच, हे पाहण्यासाठी कॅमेरा उलटा करून पुन्हा फोटो काढावा. पुसटपणा कापडाच्या त्याच बाजूला राहिला तर मांडणी तिरकी. तो कापडाच्या दुसऱ्या बाजूला गेला तर लेन्स तिरकी. हा दोष कोणत्याही आकड्याने, डॉकने किंवा फर्मवेअरने जात नाही.

बिनआरशाच्या नव्या कॅमेऱ्यांत फोकस फोटोच्या सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे पुढे-मागे पडण्याचा जुना आजार जवळजवळ गेला आहे. तिथे प्रश्न परवान्याचा आहे. सोनीने २०११ मध्ये आपल्या ई माउंटची मूळ माहिती बाहेरच्या कंपन्यांना खुली केली, म्हणून त्या कॅमेऱ्यांसाठी बाहेरच्या लेन्सचा बाजार भरला. कॅननने आरएफ माउंट बराच काळ बंद ठेवला. २०२२ मध्ये विल्ट्रॉक्सला आपल्या आरएफ लेन्सची विक्री थांबवावी लागली, आणि २०२४ मध्ये सिग्मा व टॅमरॉनच्या लहान सेन्सरसाठीच्या काही लेन्सना परवाना मिळाल्याची घोषणा झाली. परवान्याची लेन्स घेतलेली बरी, कारण उद्या बॉडीचे फर्मवेअर बदलले तर बिनपरवान्याची लेन्स मुकी होण्याची भीती राहते. काही बिनआरशाचे कॅमेरे ज्या अॅपर्चरवर फोटो काढायचा त्याच अॅपर्चरवर फोकस घेतात. मंद उजेडात एफ ८ वर लेन्स चाचपडत असेल तर आधी दिवा वाढवून पाहावा.

खरेदीबद्दल थोडे. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात असो की आपल्या गावात, बिल पक्के घ्यावे आणि त्यावर लेन्सचा अनुक्रमांक लिहवून घ्यावा. बिलाशिवाय दोन-चार हजार वाचतात, पण मग भारतातील हमी सहसा मिळत नाही, आणि धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूवरचा जीएसटीचा परतावाही जातो. बदलून देण्याची मुदत किती दिवसांची हे बिलावरच लिहवून घ्यावे, आणि मीटरपट्टीची परीक्षा त्या मुदतीत, शक्यतो पहिल्याच दिवशी उरकावी. दोष आढळला तर आरशाच्या वाटेचे दहा आणि पडद्याच्या वाटेचे दहा असे वीसही फोटो दुकानदारासमोर ठेवावेत. कंपनी लेन्स जुळणीसाठी मागवील तर बॉडीही बरोबर पाठवावी. नुसती लेन्स गेली तर ती कंपनीच्या स्वतःच्या बॉडीवर बरोबर ठरून तशीच परत येते.